ठसा, दाब आणि झीज : अमेरिकेचा जुना चांदीचा अर्धा डॉलर कसा ओळखावा

१८२७ साल छापलेले अमेरिकेचे दोन चांदीचे अर्धे डॉलर शेजारी शेजारी ठेवा. चित्र तेच, वजन तेच, साल तेच. आता भिंग घेऊन सालातला २ बघा. एका नाण्यावर त्याचा पाय चौकोनी आणि सपाट, तर दुसऱ्यावर त्याला खाली बाक आलेला. नाणं उलटवलं की गरुडाच्या डोक्यावरची अक्षरंही एकमेकांच्या जागेशी जुळत नाहीत. त्या एका वर्षात फिलाडेल्फियाच्या टाकसाळीने ५४,९३,४०० अर्धे डॉलर पाडले आणि त्यासाठी ठशांच्या, म्हणजे नाण्यावर चित्र उमटवणाऱ्या पोलादी शिक्क्यांच्या (एक पुढच्या बाजूचा, एक मागच्या), चाळीसहून जास्त वेगवेगळ्या जोड्या वापरल्या. यातली कुठली जोडी आपल्या हातात आहे हे शोधून काढणं, म्हणजेच ठसाभेदांचा संग्रह.

हे वेड मला लागलं त्याची मुळं घरातच होती. वडिलांच्या पितळी डब्यात शिवराया, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी, असायच्या. एकीवर ‘शिव’, दुसरीवर ‘सिव’, तिसरीवर ‘सीव’. ठसा हाताने खोदणाऱ्याच्या हाताला जसं वळण, तसं नाणं. पुढे पेनसिल्व्हेनियात राहायला आलो आणि पहिला जुना अर्धा डॉलर हातात घेतला, तेव्हा ही जात ओळखीची वाटली. शिवराईतले भेद ज्याने वेचले आहेत त्याला हा विषय परका वाटणार नाही. फक्त नजर जरा वेगळ्या जागी लावावी लागते.

भेद पडतात कशामुळे

२ एप्रिल १७९२ च्या कायद्याने अमेरिकेची टाकसाळ स्थापन झाली. चांदीचे डॉलर आणि अर्धे डॉलर १७९४ मध्ये सुरू झाले, दहा आणि पंचवीस सेंटची नाणी १७९६ मध्ये. रॉबर्ट स्कॉट मुख्य खोदकाम करणारा होता. जर्मनीहून आलेला जॉन राइश १८०७ मध्ये त्याच्या हाताखाली रुजू झाला आणि त्याने टोपी घातलेल्या स्वातंत्र्यदेवीचं चित्र केलं. १८०७ ते १८३६ चा अर्धा डॉलर या चित्राचा आहे, आणि हा लेख मुख्यतः त्याच्यावरच आहे.

ठसा बनवायचा तो असा. मधलं मोठं चित्र, म्हणजे देवीचा चेहरा किंवा गरुड, एका उठावदार साच्याने पोलादात दाबत. पण कडेचे तारे, सालाचे आकडे आणि भोवतालची अक्षरं एकेक पंच (टोकाला एकच आकृती असलेली पोलादी कांडी) धरून हातोडीने ठोकावी लागत. तेरा तारे म्हणजे तेरा ठोके. कुठला तारा कडेच्या दाताच्या (काठाने फिरणाऱ्या दातेरी नक्षीतल्या) नेमका समोर येई, कुठला दोन दातांच्या फटीत. ८ किंचित झुके, १ जरा उंच बसे. एक ठसा दुसऱ्यासारखा होणं शक्यच नव्हतं. शिवाय ठसे महाग आणि पोलाद बेभरवशाचं, म्हणून एका बाजूचा ठसा फुटला की दुसऱ्या बाजूचा शाबूत ठसा नव्या जोडीदाराबरोबर लावत. अशा प्रत्येक जोडीला वेगळा क्रमांक मिळतो.

माणसांच्या चुकाही ठशांवर कायमच्या राहिल्या आहेत आणि त्या शोधण्यात फार आनंद आहे. १८०७ च्या एका ठशावर ५० ऐवजी २० ठोकलं गेलं, मग त्या २ वर ५ मारला. खालचा २ अजून डोकावतो. १८१३ मध्ये कारागिराने मागच्या बाजूच्या ‘५० सी’च्या (पन्नास सेंट, ही नाण्याची किंमत) जागी उलट्या बाजूने ‘युनायटेड’ लिहायला सुरुवात केली, तीन अक्षरांनंतर चूक लक्षात आली आणि त्यावरच ‘५० सी’ ठोकलं. १८१४ च्या एका ठशात ‘स्टेट्स’ शब्दातल्या ‘ई’च्या खाली आधी मारलेला ‘ए’ दिसतो. १८१५ चा तर प्रत्येक अर्धा डॉलर १८१२ च्या ठशावर ५ मारून केलेला आहे. त्यांची एकूण संख्या ४७,१५०. जानेवारी १८१६ मध्ये टाकसाळीत आग लागली, त्यामुळे १८१६ सालचा अर्धा डॉलर नाहीच. कुणी तुम्हाला तो विकायला आणला, तर पुढे काही तपासण्याची गरज नाही.

सुरुवात अर्ध्या डॉलरपासूनच का

पाच सेंटपासून डॉलरपर्यंत सगळ्याच जुन्या चांदीच्या नाण्यांचे ठसाभेद नोंदलेले आहेत. नवख्याने तरीही अर्ध्या डॉलरपासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. नाणं ३२.५ मिलिमीटरचं, म्हणजे तपशील डोळ्याला सहज दिसतात. दुसरं, ती भरपूर टिकली आहेत. १८०४ नंतर टाकसाळीने चांदीचे डॉलर पाडणं थांबवलं, त्यामुळे पुढची तीसेक वर्षं अर्धा डॉलर हेच देशाचं सर्वांत मोठं चांदीचं नाणं राहिलं. बँकांनी ते गंगाजळी म्हणून पिशव्यांत आणि पिंपांत भरून ठेवले. एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पोती हलली, पण बरीचशी नाणी बाजारात हातोहात फिरलीच नाहीत. म्हणून दोनशे वर्षांनंतरही कमी झिजलेले अर्धे डॉलर सहज मिळतात. याच मालिकेत साडेचारशेच्या आसपास जोड्या आहेत. आयुष्यभर पुरेल इतकं काम, आणि त्यातल्या शंभरेक जोड्या तरी मध्यम खर्चात जमू शकतात.

जोड्यांचे क्रमांक अल ओव्हर्टन यांच्या नावाने ओळखले जातात. १९६७ मध्ये त्यांनी आपल्या पुस्तकात लावलेली ही पद्धत आजही जगभर चालते. प्रत्येक वर्षाची मोजणी १०१ पासून सुरू होते. दर्शनी ठशाला आकडा, मागच्या ठशाला अक्षर, आणि दोघांच्या जोडीला ‘ओ-१०१’, ‘ओ-१०२’ असं नाव. क्रमांकामागे ‘ए’ अक्षर लागलं तर जोडी तीच, पण ठसा पुढच्या, खराब झालेल्या अवस्थेतला, असं समजायचं. डॉलर, पाव डॉलर, दहा सेंट यांच्या पद्धती वेगळ्या आहेत. त्या त्या वेळी शिका, सुरुवातीलाच सगळं डोक्यात कोंबू नका.

टेबलावर काय काय हवं

सात किंवा दहा पट मोठं दाखवणारं चांगलं भिंग. दहा पटींच्या वर जाऊ नका, तिथे सगळं नाणं नजरेतून निसटतं आणि एकच खरचटा जग व्यापून टाकतो. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, व्हर्नियर मापक, एकाच बाजूने प्रकाश टाकणारा दिवा आणि टेबलावर मऊ कापड. दिवा वर टांगलेला नको. तो बाजूला, तुमच्या खांद्याच्या उंचीवर हवा, म्हणजे नाणं फिरवलं की प्रकाशाचा पट्टा पृष्ठभागावरून सरकताना दिसतो.

नाणं नेहमी कडेने धरायचं. पुसायचं नाही, मऊ कापडानेही नाही. एकदा पुसलेलं नाणं पुन्हा न पुसलेलं होत नाही.

पहिली तपासणी : नाणं खरं आहे का

जोडी ओळखण्याआधी हे उरकून घ्या. या नाण्याचं ठरलेलं वजन २०८ ग्रेन, म्हणजे १३.४८ ग्रॅम. चांदी १६६४ भागांत १४८५, म्हणजे सुमारे ८९.२ टक्के, बाकी तांबं. झीज झाली की वजन थोडं उतरतं, पण भरपूर उतरलं तर शंका घ्या. १८३७ पासून नाणं थोडं हलकं, १३.३६ ग्रॅमचं झालं, हे लक्षात ठेवा. नाहीतर १८३७ च्या चांगल्या नाण्याला उगाच खोटं ठरवाल.

मग कड. १८३६ पर्यंतच्या मुख्य नाण्यांच्या कडेवर ‘फिफ्टी सेंट्स ऑर हाफ अ डॉलर’ अशी अक्षरं असतात. चकती पाडण्याआधी दोन पट्ट्यांमधून लोळवून ही अक्षरं उठवत. लोळवताना चकती घसरली की अक्षरं एकावर एक चढतात. तेव्हा असं दिसलं तर घाबरू नका, हे खऱ्या नाण्यातही होतं. १८०९ च्या काही नाण्यांच्या कडेवर शब्दांच्या मधे फुल्या किंवा उभ्या रेघा सापडतात. तो टाकसाळीचाच प्रयोग होता, आणि संग्राहक ती नाणी आवडीने घेतात. कड गुळगुळीत असली किंवा अक्षरं खोदल्यासारखी वाटली, तर मात्र नाणं बाजूला ठेवा.

या नाण्यांच्या नकला त्यांच्याच काळात, १८३० च्या दशकात भरपूर झाल्या. त्या बहुधा जर्मन सिल्व्हरच्या, म्हणजे तांबं, जस्त आणि निकेलच्या मिश्रधातूच्या, किंवा पितळेवर मुलामा चढवलेल्या. नाव जर्मन सिल्व्हर असलं तरी त्यात चांदीचा कणही नसतो. वजनाने त्या बहुतेक हलक्या भरतात. शंका राहिली तर घनता काढा, घरी सहज होते. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने टांगून पूर्ण बुडवा, तळाला किंवा भिंतीला टेकू देऊ नका. काटा जे दाखवेल ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. नाण्याच्या कोरड्या वजनाला त्याने भागा. खऱ्या अर्ध्या डॉलरला सुमारे १.३१ ग्रॅम दिसेल आणि उत्तर १०.३ च्या जवळ येईल. जर्मन सिल्व्हर नऊच्याही खाली राहतं. गंमत म्हणजे त्या काळच्या नकला गोळा करणारेही लोक आहेत, तेव्हा सापडलेली नकल फेकू नका. वेगळ्या पाकिटात, स्पष्ट नोंद करून ठेवा.

आजच्या काळातल्या नकला जास्त धोकादायक आहेत, विशेषतः १७९४ ते १८०३ च्या डॉलरांच्या. माझा नियम सरळ आहे : जुना डॉलर प्रमाणित पेटीत (तपासणी कंपनीने खरेपणा आणि ग्रेड ठरवून बंद केलेल्या प्लास्टिकच्या पेटीत) नसेल तर घ्यायचा नाही. अर्ध्या डॉलरमध्ये मी उघडी नाणी घेतो, पण दोन वर्षं नुसती बघण्यात घालवल्यावरच घ्यायला लागलो.

जोडी ओळखण्याची रीत

ओव्हर्टन यांचं पुस्तक उघडून पान एकपासून चित्रं जुळवत बसणं ही सगळ्यांची पहिली चूक, माझीही. त्याने डोळे थकतात आणि शेवटी मन हवं ते जुळवून मोकळं होतं. क्रम लावा.

आधी साल आणि त्याचे पोटभेद. १८२७ च्या नाण्यावर ७ च्या खाली ६ चे अवशेष आहेत का? नसतील तर २ चा पाय बघा. बाकदार २ मोजक्याच जोड्यांत येतो, म्हणजे एका नजरेत बाकी सगळ्या जोड्या बाद. १८३० मध्ये ० लहान की मोठं, १८२३ मध्ये ३ नीट की तुटका, असा प्रत्येक सालाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. तो पाठ करून टाका.

मग नाणं उलटवा. वरच्या आणि खालच्या कडेला धरून उलटायचं, म्हणजे गरुड सरळ दिसेल. आता गरुडाच्या डोक्यावरच्या पट्टीवरचं ‘ई प्लुरिबस युनम’ हे लॅटिन बोधवाक्य वाचा. ‘प्लुरिबस’मधला ‘आय’ आणि त्याच्या वर कडेजवळच्या ‘युनायटेड’मधला ‘टी’, या दोघांचं नातं बघा. ‘आय’ ‘टी’च्या डाव्या टोकाखाली आहे, मध्याखाली आहे की उजव्या टोकाखाली? ‘टी’ स्वतंत्र पंचाने ठोकलेला असल्यामुळे प्रत्येक ठशावर तो थोडा इकडे-तिकडे सरकलेला असतो. या एका खुणेने मागच्या ठशांचे तीन-चार गट पडतात. या मालिकेत मला कुठली एकच खूण ठेवायला सांगितली, तर मी हीच ठेवीन.

त्यानंतर मागच्या बाजूच्याच बारीक गोष्टी. ‘५० सी’मधले आकडे किती जवळ, ‘सी’ नंतरचा ठिपका कुठे. ढालीच्या आडव्या रेषा ढालीतच थांबतात की उजवीकडे पंखात घुसतात. उभ्या रेषांपैकी एखादी वर लांबली आहे का. शब्दांमधली अंतरं, एखादं अक्षर शेजाऱ्यापेक्षा वर-खाली. शेवटी पुन्हा दर्शनी बाजू : पहिला तारा छातीपासून किती लांब, तेरावा तारा केसांच्या बटेपासून किती लांब, आणि कुठला तारा कडेच्या दाताच्या समोर. तेराव्या ताऱ्याच्या एका टोकाला लहानशी खाच दिसली, तर ती जॉन राइशची खूण मानतात. १८१७ पर्यंतच्या नाण्यांवर ती शोधायला मजा येते.

इथपर्यंत आल्यावर सहसा दोन किंवा तीन जोड्या उरतात. आता पुस्तकातलं वर्णन उघडा आणि जुळणाऱ्या खुणा मोजण्याऐवजी न जुळणारी एक खूण शोधा. नऊ खुणा जुळल्या आणि दहावी जुळली नाही, तर जोडी ती नाही. झिजलेल्या नाण्यात खूण दिसत नाही आणि खूण नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बारीक रेषा झिजून जाऊ शकते, अक्षराची जागा बदलू शकत नाही. म्हणून झिजलेल्या नाण्यात जागांवर भरवसा ठेवा, रेषांवर नाही.

ठशाचं आयुष्य

जोडी ओळखली की तिची अवस्था ओळखायची. पोलादाचा ठसा हजारो ठोके खातो. आधी त्याला केसासारखा तडा जातो. नाण्यावर तो उंचावलेली रेष म्हणून दिसतो, कारण ठशातल्या फटीत चांदी शिरते. ही गोष्ट पक्की करून घ्या. ठशाचा तडा नाण्यावर उठून येतो, आणि नाण्यावरचा ओरखडा आत जातो. दिवा हलवून सावली कुठल्या बाजूला पडते ते पाहिलं की फरक कळतो. १८०७ मधली एक प्रसिद्ध अवस्था ‘दाढीवाली देवी’ म्हणून ओळखली जाते. तिथे तडा हनुवटीजवळून असा गेला आहे की खरोखर दाढी वाटते.

कधी यंत्रात चकती घालायची राहून जाई आणि दोन ठसे एकमेकांवर आपटत. मग एका बाजूच्या चित्राची अस्पष्ट रेघ दुसऱ्या ठशावर उमटे आणि पुढच्या प्रत्येक नाण्यावर येई. हे डाग घालवायला कारागीर ठसा घासत. घासताना उथळ तपशीलही जात. १८१४ च्या एका जोडीत असं घासल्यामुळे गरुडाच्या पंजाखालच्या पानांपैकी एकच उरलं आणि त्या नाण्याला ‘एकपानी’ म्हणून वेगळी किंमत आली. पान झिजलेलं नाही. नाणं पाडलं तेव्हाच ते तिथे नव्हतं.

ठसा फार वापरला की त्याचा पृष्ठभाग खडबडीत होतो, आणि ताऱ्यांची टोकं कडेकडे ओढल्यासारखी लांबतात. अशा नाण्यावर झळाळी पुष्कळ, पण तपशील मऊ. नवख्या माणसाला ते झिजलेलं वाटतं. इथूनच ग्रेडिंगचा, म्हणजे झिजेवरून नाण्याची श्रेणी ठरवण्याचा, विषय सुरू होतो, आणि इथेच बहुतेक जण चुकतात.

ग्रेड ठरवताना

सत्तर अंकांची मोजपट्टी सगळ्यांना माहीत असते. विल्यम शेल्डन यांनी ती १९४९ मध्ये अमेरिकेच्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली, पुढे ती सगळ्याच नाण्यांना लागली. चारच्या आसपास ‘गुड’, आठ ‘व्हेरी गुड’, बारा-पंधरा ‘फाइन’, वीस ते पस्तीस ‘व्हेरी फाइन’, चाळीस-पंचेचाळीस ‘एक्स्ट्रिमली फाइन’, पन्नास ते अठ्ठावन्न ‘अबाउट अनसर्क्युलेटेड’, आणि साठपासून वर न वापरलेली नाणी.

या मालिकेत देवीच्या खांद्यावरचा बकल आणि त्याच्या शेजारची बट ही मुख्य जागा. ‘गुड’मध्ये बकल जेमतेम दिसतो आणि डोक्याच्या पट्टीवरचं ‘लिबर्टी’ घासून गेलेलं असतं. ‘व्हेरी गुड’मध्ये ‘लिबर्टी’ फिकट दिसू लागतं. ‘फाइन’मध्ये ते वाचता येतं आणि बकलची बाह्यरेषा स्पष्ट होते. ‘व्हेरी फाइन’मध्ये बकल नीट दिसतो, कपाळावरचे केस वेगळे काढता येतात, फक्त बटेचा उंच भाग सपाट. ‘एक्स्ट्रिमली फाइन’मध्ये बटा मोकळ्या आणि खोल. पन्नासच्या वर गेल्यावर डोळ्यावरच्या आणि कानावरच्या केसांत झिजेचा नुसता मागमूस. मागच्या बाजूला पंखांच्या वरच्या कडा, गरुडाचं डोकं आणि पंजे बघायचे.

पण हे सगळं पाठ करूनही ग्रेड चुकते. नाण्यावर जे दिसतं, किंवा दिसत नाही, त्याला तीन कारणं असू शकतात. ठशाने ते दिलंच नाही. ठशात होतं पण दाबाने ते चांदीत उतरवलं नाही. किंवा उतरलं होतं आणि पुढे झिजलं. ग्रेड फक्त तिसऱ्या गोष्टीची असते. पहिली कळायला जोडी आणि अवस्था ओळखावी लागते. म्हणून मी जोडी ओळखल्याशिवाय ग्रेड देत नाही, आणि तुम्हीही देऊ नका. ज्या ठशात तपशील मुळात नव्हता त्याची झीज कशी मोजणार?

दुसरी गोष्ट दाबाची. जुन्या स्क्रू प्रेसवर माणसांच्या बळाने नाणी पाडली जात. वाफेचं यंत्र फिलाडेल्फियाला आलं ते मार्च १८३६ मध्ये. दर्शनी बाजूच्या खालच्या भागाच्या नेमकं पाठीमागे मागच्या बाजूची बोधवाक्याची पट्टी येते. दोन्हीकडे उठाव असला की चांदी दोन्ही साच्यांत पूर्ण शिरायला पुरत नाही, आणि दोन्ही बाजू मऊ राहतात. तेव्हा एखादी जागा सपाट दिसली की लगेच नाणं उलटून त्याच जागेची पाठ बघा. पाठही मऊ, तर दाब कमी पडला असण्याची शक्यता मोठी. पाठ टोकदार आणि पुढची जागा सपाट, तर झीज.

तिसरी खूण प्रकाशाची. दिव्याखाली नाणं फिरवा. न वापरलेल्या चांदीवर प्रकाशाची चक्रं फिरतात, पवनचक्कीच्या पात्यांसारखी. ती सपाट जागेवरूनही अखंड फिरली, तर तिथे झीज झालेलीच नाही. उंच जागेवर चक्र तुटलं आणि तिथे करडा, मंद ठिपका दिसला, तर झीज सुरू झाली आहे. अठ्ठावन्न आणि एकसष्ट यांतला फरक इतकाच असतो, आणि त्यावर बरेच पैसे अवलंबून असतात. बँकांच्या पिशव्यांत घासल्यामुळे या मालिकेतल्या खूप नाण्यांवर किंचित घर्षण असतं. काटेकोर अठ्ठावन्न मला ओरखड्यांनी भरलेल्या एकसष्टपेक्षा दर वेळी जास्त आवडतो, आणि तो स्वस्तही पडतो.

पृष्ठभागाने सांगितलेली कहाणी

घासलेलं नाणं ओळखायला वेळ लागतो. सुरुवातीला चकचकीत तेच चांगलं वाटतं. माझं पहिलं नाणं असंच होतं : चांदीची भांडी घासावीत तसं घासलेलं, आणि विकणाऱ्याने त्याला न वापरलेलं म्हटलं होतं. दिव्याखाली तिरकं धरलं की सगळ्या पृष्ठभागावर एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसल्या. खऱ्या जुन्या चांदीवर करडा किंवा सोनेरी-निळसर थर असतो. तो कडेला गडद आणि मध्ये हलका, सलग उतरत जातो. घासून पुन्हा काळं केलेल्या नाण्यावर रंग एकसारखा आणि मेलेला दिसतो, अक्षरांच्या कोपऱ्यांत मात्र भडक पांढरी चांदी डोकावते.

सगळ्या रेघा मात्र वाईट नसतात. १७९४ पासून पहिली दहा-बारा वर्षं चकती जड भरली तर कारागीर कानशीने ती घासून वजनाला आणत. त्या समांतर रेघा नाण्याच्या जन्माआधीच्या. चित्राचा उठाव त्यांच्यावरून गेलेला असतो, उंच भागावर त्या बुजतात. पाडल्यानंतर पडलेला ओरखडा उलट उंच भागावर सर्वांत खोल असतो. तरीही चेहऱ्यावरून गेलेली कानशीची जाड रेघ मला खटकते, मग पेटीवर ग्रेड काहीही असो.

बुजवलेली छिद्रं विसरू नका. ही नाणी त्या काळी गळ्यात घातली जात. दर्शनी बाजूच्या वरच्या टोकाशी, घड्याळात बारा असतात तिथे, आणि पाठीमागे नेमक्या त्याच जागी रंग किंवा दाणा वेगळा वाटला तर नाणं प्रकाशात कडेने फिरवा. तसंच ताऱ्यांभोवती आणि सालाभोवती कोरून तपशील वाढवलेले असतात, विशेषतः दुर्मीळ जोडी बनवण्यासाठी. १८१७ च्या ७ खाली ४ असलेली नाणी डझनभरच ज्ञात आहेत. तसलं स्वस्तात मिळत असेल, तर मिळतंय ते बहुधा दुसरंच काहीतरी.

दुर्मीळता आणि खरेदी

दुर्मीळतेला ‘आर-१’ ते ‘आर-८’ अशी पायरी आहे. आर-१ म्हणजे हजाराहून जास्त नाणी, आर-४ म्हणजे पाऊणशे ते दोनशे, आर-५ म्हणजे तीसेक ते पाऊणशे, आर-६ म्हणजे तेरा ते तीस, आर-७ म्हणजे चार ते बारा, आर-८ म्हणजे तीनपेक्षा जास्त नाहीत. पण दुर्मीळ म्हणजे महागच, असं नाही. ठसाभेद गोळा करणारे थोडे आहेत. आर-३ ची जोडी आर-१ च्याच किमतीत मिळते. फरक खरा जाणवू लागतो तो आर-५ पासून. यातच नवख्याला संधी आहे. पीसीजीएस आणि एनजीसी या नाणी तपासून प्रमाणित करणाऱ्या कंपन्यांच्या पेट्यांतल्या कितीतरी नाण्यांवर जोडीचा क्रमांक नसतो, कारण तो वेगळं शुल्क भरून मागितल्यावरच लावतात. विकणाऱ्याने न ओळखलेली आर-५ आपण ओळखली, तर तो आपल्या अभ्यासाचा मोबदला.

मोठ्या लिलावांच्या जुन्या नोंदी मोठ्या छायाचित्रांसह मोफत बघता येतात. महाराष्ट्रात राहून हा अभ्यास सुरू करायचा असेल, तर हेच सर्वांत चांगलं साधन आहे. छायाचित्रांवरून एका सालाच्या दहा-वीस नाण्यांची जोडी ओळखून बघा, नंतर क्रमांक ताडून बघा. विकत घेताना कडेचं छायाचित्र मागा. ते द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका.

पहिल्या वर्षासाठी एक सोपी योजना : १८०७ ते १८३६ मधलं प्रत्येक सालाचं एक नाणं, १८१६ वगळून एकोणतीस. ग्रेड वीस ते पस्तीसच्या दरम्यान, पृष्ठभाग न घासलेला. सालं पूर्ण होईपर्यंत नजर तयार होते. मग एक साल निवडून त्याच्या जोड्या लावायला घ्या. १८२७ पासून सुरुवात करू नका, त्यात दमछाक होते. १८०८ किंवा १८११ सारखं, जोड्या आवाक्यातल्या असलेलं साल घ्या. १९८४ पासून चालत आलेली जॉन राइश कलेक्टर्स सोसायटी ही जुन्या अमेरिकी चांदीच्या अभ्यासकांची संस्था आहे. तिथल्या जुन्या सभासदांइतके उदार शिक्षक मला इतर कुठे भेटले नाहीत.

नाणी पीव्हीसी नसलेल्या पाकिटांत ठेवा. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकमुळे चांदीवर हिरवट चिकट थर चढतो. तो आलाच तर शुद्ध ॲसिटोनमध्ये, खिडकी उघडी ठेवून आणि जवळ आग नसताना, नाणं काही मिनिटं बुडवून काढा, नव्या ॲसिटोनमध्ये पुन्हा बुडवा आणि आपोआप सुकू द्या. चोळू नका. चांदी उजळवणारी कुठलीही द्रावणं घरात आणू नका.

प्रत्येक नाण्याची चिठ्ठी लिहा : साल, जोडी, अवस्था, वजन, तुमची ग्रेड, आणि ती का दिली ते दोन ओळींत. ‘बकल मऊ, पाठीमागची पट्टीही मऊ, झळाळी अखंड, दाब कमी, झीज नाही.’ सहा महिन्यांनी चिठ्ठी न बघता तेच नाणं पुन्हा तपासा आणि दोन्ही ताडून बघा. माझ्या पहिल्या पन्नास चिठ्ठ्यांपैकी निम्म्या मी खोडून पुन्हा लिहिल्या आहेत. जुन्या ओळी मी फाडल्या नाहीत. त्या नाण्याबरोबरच पाकिटात आहेत.